क्रॉसिंगची तारीख विचारू नका

गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पगाराचा नाही आणि लग्नाचाही नाही. तो आहे, "अरे, ते क्रॉसिंग नक्की कधी असतं?" हा केनियाला जाऊन आलाय असं ऑफिसात कुणाला कळलं की तो कँटीनमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसतो. मोबाइलवर रील तयारच असते. कड्यावरून धुरळा उडवत नदीत उड्या टाकणारे विल्डबीस्ट, मध्येच एक मगर, मागे धडाडणारे ढोल. "हे बघायचंय. आठ दिवस सुट्टी आहे. कुठला आठवडा टाकू?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याइतका लायक माणूस सापडणार नाही, कारण मी त्यासाठी चक्क प्रोग्रॅम लिहिला होता. तरीही आता मी उत्तर देत नाही. हा प्रश्न चुकीचा आहे. तो विचारून आणि त्यावर पैसे लावून आपण जे बघायला जातो त्याचंच नुकसान करतो, असं माझं मत झालंय. मत कसं झालं ते सांगतो, म्हणजे भांडायचं असेल तर नीट भांडता येईल.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही चौघांनी मसाई माराला जायचं ठरवलं. चौघांचे मिळून जेवढे पैसे जाणार होते तेवढ्यात एक बरी गाडी आली असती. इतके पैसे घालून 'चुकलं' असं व्हायला नको, म्हणून मी कामाला लागलो. लोकांनी आणि कँपवाल्यांनी टाकलेले तारखेसकटचे फोटो, प्रवासवर्णनं, रोजच्या नोंदी असं जे मिळेल ते स्क्रिप्ट लावून गोळा केलं, आठवड्यांप्रमाणे लावलं आणि एक्सेलमध्ये 'शक्यता' नावाचा रकाना केला. ऑगस्टचा तिसरा आठवडा वर आला. मी हिरवा रंग भरला आणि विमानाची तिकिटं काढली. टूरवाल्याच्या माहितीपत्रकावरही 'मायग्रेशन गॅरंटी' असं ठळक छापलेलं होतं. माझं एक्सेल आणि त्याचं माहितीपत्रक एकच गोष्ट सांगत होते, याचा तेव्हा मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही मारा नदीच्या काठावर होतो. पलीकडच्या काठावर कळप जमला होता. आमच्या बाजूला मी गाड्या मोजल्या: ४३. एका प्राण्याजवळ पाचच गाड्या थांबाव्यात, असा मारातला नियम आहे. पण कळप म्हणजे एक प्राणी थोडाच! कळप पुढे यायचा, दोन-चार झेब्रे पाण्याशी उतरायचे, हुंगायचे, परत फिरायचे. असं पाच तास चाललं. डबे संपले. उन्हानं गाडी तापली. सगळ्यांचा धीर सुटत चालला होता आणि माझा सगळ्यात आधी सुटला. खालच्या बाजूला काही गाड्या सरकताना दिसल्या. तिथून ते अगदी समोरून दिसले असते.

"आपणही पुढे घ्या ना," मी ड्रायव्हरना म्हटलं.

"तिथूनच ते वर चढणार आहेत," ते म्हणाले.

"सगळे जातायत की."

त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी पुढे घेतली.

दहा मिनिटांनी कळप सुटला. पुढचे काही डझन पोहून आले, काठ चढू लागले आणि वर गाड्यांची भिंत बघून जागच्या जागी थांबले. मागून येणारे त्यांच्यावर आदळू लागले. काही वळले आणि सरळ उभ्या दरडीखालून चिखलातून वाट शोधत राहिले. पलीकडचे उरलेले सगळे एकदम मागे फिरले आणि धुरळ्यात दिसेनासे झाले. अलीकडे चढलेली एक मादी पाण्याकडे तोंड करून ओरडत होती. तिचं पिल्लू पलीकडे राहिलं असावं. दोन गाड्या सोडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि म्हणाले, "आपण त्यांच्या दारात गाडी लावलीय रे."

गाडी कुणी लावायला लावली, हे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

यावर कुणी म्हणेल, एखाद्या दिवशी झालं असेल. एखाद्या दिवशीचं नाही. २०२५ च्या जुलैत उत्तर सेरेंगेटीतला एक व्हिडिओ जगभर फिरला. त्यात पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे होते आणि कळप त्यांच्यातून वाट काढायला बघत होता. आणि हे परदेशात जाऊन शिकायला नको. २०२४ च्या शेवटच्या दिवशी नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडलात जिप्सीवाल्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी कोंडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. बातमी आली तेव्हा आपण सगळ्यांनी जिप्सीवाल्यांना शिव्या घातल्या. पण मागच्या सीटवरून "पुढे घ्या ना" म्हणणारा कोण होता? तो आपल्यातलाच होता. मी तर त्याला चांगला ओळखतो.

आता मूळ प्रश्नाकडे. क्रॉसिंग कधी असतं हे विचारण्यात चूक काय? चूक अशी की त्यात एक गृहीतक दडलंय: मायग्रेशन म्हणजे एक कार्यक्रम, त्याला ठिकाण आहे, वेळ आहे आणि नदी हा त्याचा क्लायमॅक्स. टूरवाल्यांच्या नकाशावर तसंच असतं. हिरवी पाटी, त्यावर गोल फिरणारा जाड बाण, बाणावर महिन्यांची नावं. लोकल ट्रेनचं टाइमटेबल असावं तसं.

प्रत्यक्षात तिथे फक्त पाऊस आणि गवत असतं. सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एन्डुटूच्या आसपास, आखूड गवताची सपाट मैदानं आहेत. तिथली माती ज्वालामुखींच्या राखेची; त्यातला ओल डोइन्यो लेंगाई अजून जागा आहे. राखेमुळे तिथल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या मादीला आणि हाडं वाढणाऱ्या पिल्लाला नेमकं हेच लागतं. म्हणून साधारण डिसेंबर ते मार्च बहुतेक कळप तिथे असतात. जानेवारीच्या अखेरीपासून माद्या वितात आणि बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. एकाच वेळी इतकी, की सिंहांनी आणि तरसांनी खाऊन खाऊन किती खाणार! पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईच्या मागे पळू लागतं.

अडचण एकच. तिथे बारमाही पाणी नाही. आग्नेयेला वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, वायव्येला त्याच्या दुपटीच्या आसपास. दक्षिणेतली डबकी आटली की कळप निघतो. मे-जूनमध्ये पश्चिमेला ग्रुमेती नदीच्या बाजूला, जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि मारा, नोव्हेंबरात पाऊस पडला की परत दक्षिण. उत्तरेत पाणी आहे, उंच गवत आहे. पण त्या गवतात दक्षिणेसारखा कस नाही. म्हणजे मारा ही त्यांची चारा छावणी आहे. दुष्काळात आपल्याकडे गुरं छावणीवर नेतात ना, तसं. नाइलाज म्हणून केलेल्या या मुक्कामाला आपण 'पीक सीझन' म्हणतो आणि विणीच्या, भरल्या गवताच्या दिवसांना 'ऑफ सीझन'.

आणि नदी? ती फक्त मध्ये येते. एकच कळप एका हंगामात ती अनेकदा ओलांडतो, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. समोरच्या अंगाला सर पडली की निघाला. त्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हर बाबांना हेच सांगत होते. ते बाबांना 'बाबा'च म्हणायचे. स्वाहिलीतही बापाला बाबा म्हणतात, हे कळल्यावर बाबा चार दिवस खुशीत होते. "गेल्या आठवड्यात हेच न्युम्बू अलीकडे होते, बाबा," ते म्हणाले. न्युम्बू म्हणजे विल्डबीस्ट. "पाऊस जिकडे, तिकडे ते." माझ्या एक्सेलमध्ये पावसाचा रकानाच नव्हता.

मृत्यूच्या नाट्यासाठी म्हणाल, तर त्याचाही हिशोब बघा. २००१ ते २०१५ या पंधरा वर्षांचा अभ्यास सांगतो की मारा नदीत वर्षाला सरासरी सुमारे ६,२५० विल्डबीस्ट बुडून मरतात. एकूण कळप १२ ते १३ लाखांचा. म्हणजे अर्धा टक्का. ती मेलेली जनावरं नदीला खत म्हणून मिळतात, गिधाडं-मासे त्यावर जगतात, हाडांतून पुढची कित्येक वर्षं फॉस्फरस झिरपत राहतो. हे सगळं थोर आहे. पण उरलेले साडेनव्याण्णव टक्के जगतात कशावर, हा प्रश्न रीलमध्ये मावत नाही.

ते जगतात मोकळ्या जमिनीवर आणि शेजाऱ्यांच्या कृपेवर. इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण 'लाखो वर्षं अखंड चाललेला सोहळा' ही माहितीपत्रकातली दुसरी थाप आहे. आज दिसतो तेवढा मोठा कळप माझ्या बाबांच्या वयाचा आहे. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडी पोचली. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या आजोबा-पणजोबांना हा शब्द चांगला माहीत होता. गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढावी लागली, ती अशाच गुरांच्या रोगांपायी. पूर्व आफ्रिकेत बुळकांडीनं मसाईंची बहुतेक गुरं मारली, माणसं उपासमारीनं मेली, आणि रोग रानात विल्डबीस्टमध्ये मुरून बसला. दरवर्षी कोवळी जनावरं मरत राहिली. १९६० च्या आसपास सेरेंगेटीत जेमतेम अडीच लाख विल्डबीस्ट होते.

मग वाढले कसे? केनियात मुगुगा इथे वॉल्टर प्लाउराइट यांनी चांगली लस तयार केली, आसपासच्या पाळीव गुरांना लसी टोचल्या गेल्या आणि १९६३ नंतर विल्डबीस्टमधून रोग गेला. १९७७ पर्यंत कळप १३ लाखांवर पोचला. विल्डबीस्टला कुणी सुई टोचली नाही. शेजारच्या माणसाची गाय निरोगी झाली म्हणून रान भरलं. माझ्या मते या साऱ्या कहाणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि चार दिवसांच्या महागड्या सहलीत ती मला कुणीही सांगितली नाही.

त्या शेजाऱ्यांचं आपण काय केलं तेही बघा. १९५९ साली मसाईंना सेरेंगेटी उद्यानातून बाहेर काढून न्गोरोंगोरोकडे पाठवलं. २०२२ च्या जूनमध्ये लोलिओंडोत सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर सरकारनं खुणा रोवायला घेतल्या, तेव्हा पोलीस आणि मसाई यांच्यात चकमक झाली. एक पोलीस मेला, अनेक मसाई जखमी झाले, कित्येक जण सीमा ओलांडून केनियात पळाले. बाणाच्या नकाशावर ही जागा नुसती हिरवी असते.

जमीन बंद झाली की काय होतं, याचे दाखले तिथेच आहेत. माराच्या ईशान्येला लोइता मैदानातून माराकडे येणारा वेगळा कळप होता, केनियाचा स्वतःचा. मैदानावर यांत्रिक गव्हाची शेती आली आणि १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत हा कळप सुमारे ८० टक्क्यांनी घटला. पुढे कुंपणंही वाढत गेली. हे सगळं क्रॉसिंग बघायला येणाऱ्या गाड्यांपासून काही तासांच्या अंतरावर झालं. त्याची रील निघाली नाही, कारण कळप नसण्याचं चित्रण कसं करणार?

उलट दाखला बोत्स्वानाचा. तिथे १९६८ साली गुरांच्या रोगासाठी घातलेल्या कुंपणानं ओकावांगो ते मकगाडिकगाडी ही झेब्र्यांची वाट तोडली. २००४ साली कुंपण निघालं आणि काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या वाटेनं जाऊ लागले. आधीच्या प्रवासातला एकही झेब्रा तोवर जिवंत असण्याची शक्यता नव्हती. वाट मोकळी ठेवली तर जनावर ती शोधतं. कार्यक्रम आखावा लागत नाही.

आणि 'जगातलं सगळ्यात मोठं' म्हणायचं तर तो मानही आता मारा-सेरेंगेटीकडे नाही. २०२४ साली दक्षिण सुदानमधल्या हवाई मोजणीचे आकडे जाहीर झाले: कॉब, टियांग, गॅझेल, रीडबक मिळून सुमारे ६० लाख हरणं. दशकांच्या यादवीतून वाचलेली. तिथे ना लॉज, ना गॅरंटी. आपण बघायला गेलो नाही म्हणून त्यांचं काही अडलेलं नाही.

आता माझ्या मित्रांचे दोन मुद्दे, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला: पर्यटकांचा पैसा नसेल तर ही जमीन उद्या गव्हाखाली जाईल. मान्य. माराच्या भोवतीच्या नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी मसाई जमीनमालकांना भाडं देतात म्हणूनच तिथे कुंपण नाही. पण मग पैसा कुठे आणि कधी जातो ते बघायला हवं. मसाई मारा अभयारण्याचं परदेशी पाहुण्यांसाठीचं दिवसाचं शुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. गर्दी त्यानंही हटली नाही. उलट जेवढे जास्त मोजले तेवढा "आता क्रॉसिंग दिसलंच पाहिजे" हा हट्ट वाढतो, आणि तो हट्ट शेवटी ड्रायव्हरच्या मानेवर बसतो. त्याची टिप त्यावर ठरते. आमच्या ड्रायव्हरना नियम माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. 'नाही' म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं.

दुसरा मुद्दा: आयुष्यात एकदाच जाणार, मग सगळ्यात भारी तेच बघू नको? बघ की. पण 'सगळ्यात भारी' काय ते रीलनं ठरवायचं का? आमच्या सहलीत आईला आजही आठवतं ते नदीकाठचं नाही. चौथ्या दिवशी पहाटे क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चरत चाललेली जनावरं होती. गाडी बंद होती, दुसरी गाडी नव्हती, आणि हजारो तोंडांनी गवत तोडल्याचा आवाज येत होता. तासभर काहीही 'घडलं' नाही. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा एकही फोटो नाही, कारण फोटो काढण्यासारखं काही चाललंय असं मला वाटलंच नव्हतं.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी असं सांगतो. आधी नदी नकाशावरून पुसून टाका. पाऊस आणि गवत बघा. फेब्रुवारीत जमत असेल तर एन्डुटूला जा, पिल्लं बघा. जूनमध्ये पश्चिम सेरेंगेटी बघा. जुलै-ऑक्टोबरच जमत असेल तर जा, पण एकाच जागी निदान चार रात्री राहा आणि शक्यतो कॉन्झर्व्हन्सीत. तिथे गाड्या मोजक्या असतात आणि पैसा जमीनमालकापर्यंत पोचतो. बुकिंगच्या आधी टूरवाल्याला तीन प्रश्न विचारा: जमिनीचं भाडं कुणाला जातं? गर्दी झाली तर ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायची मुभा आहे का? आणि 'गॅरंटी' कशाची देताय? तिसऱ्याचं उत्तर छातीठोकपणे आलं, तर तो टूरवाला सोडा. पहिल्याच सकाळी ड्रायव्हरना सांगा की क्रॉसिंग दिसलं नाही तरी टिप तेवढीच असेल. हे एक वाक्य मी बोललो असतो तर त्या दिवशी आमची गाडी तिथे नसती.

क्रॉसिंग दिसलंच तर लांबून बघा. समोरून नाही.

परवा टीममधल्या एकानं ती एक्सेल मागितली. पुढच्या ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन चाललाय. आधी नाहीच म्हणणार होतो. मग फाइल उघडली, 'शक्यता'चा हिरवा रकाना काढून टाकला आणि त्या जागी महिन्यागणिक दक्षिणेचा आणि उत्तरेचा पाऊस भरला. खाली टिपचं वाक्य लिहिलं आणि पाठवून दिली. त्याचा लगेच मेसेज आला, "भारी आहे रे. पण क्रॉसिंगची तारीख कुठे आहे?"

म्हटलं, जेवायला ये, सांगतो.